जुनं लाकूड, जुनं घर : वाचकांचे प्रश्न

जुनं लाकूडसामान, वाड्यांचं लाकूडकाम आणि त्यांचा अभ्यास याविषयी मराठवाड्यातल्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न इथे घेतले आहेत. जतनाचं काम करणारे वास्तुविशारद आणि जुन्या फर्निचरचे अभ्यासक यांनी मिळून उत्तरं लिहिली आहेत. प्रश्नकर्त्यांची फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांची लांब हातांची आरामखुर्ची आहे. रंग काळपट. गावातले सुतार म्हणतात शिसवी आहे आणि दोनशे वर्षांची आहे. एक व्यापारी म्हणतो सागवानीच आहे, पॉलिश तेवढं काळं. खरं कसं ओळखायचं? (अंबाजोगाई)

आधी खुर्ची उलटी करा. वरच्या बाजूवर पन्नास वर्षांत कितीदा पॉलिश फिरलं असेल सांगता येत नाही, पण बैठकीच्या चौकटीची खालची बाजू सहसा कोणी रंगवत नाही. तिथे लाकूड फिकट तपकिरी असेल, वाढीच्या रेषा नुसत्या डोळ्यांना दिसत असतील आणि हाताला किंचित तेलकट लागत असेल, तर ते सागवान. खालीसुद्धा जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या शिरा आणि उचलताना जाणवणारं वजन असेल, तर शिसव. सुक्या सागवानाचं वजन घनमीटरला साधारण 650 किलो भरतं, शिसवाचं 850 च्या आसपास. सारख्या मापाच्या दोन खुर्च्या उचलल्या की फरक लगेच हाताला कळतो. दक्षिणेतलं शिसव आणि उत्तरेतून येणारं शीशम या दोन वेगळ्या जाती आहेत. बाजारात दोन्ही 'शिसम' म्हणून विकल्या जातात, आणि शीशम रंगानं फिकट असतं.

आता वयाकडे वळू. दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बहुतेक घरांत बैठक जमिनीवर होती, म्हणजे गादी, लोड, तक्के आणि फार तर चौरंग. लांब हातांच्या आरामखुर्च्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या पूर्वार्धातल्या. त्यामुळे दोनशे वर्षं हा आकडा सिद्ध झाल्याशिवाय धरू नये. सिद्ध करायला एक खूण पुरत नाही, तीन-चार खुणांचा मेळ बसावा लागतो.

करवतीच्या खुणा पाहा. हातकरवतीच्या रेषा सरळ पण कमी-जास्त तिरक्या असतात, यंत्राच्या गोल करवतीच्या रेषा कमानीसारख्या वळतात. एक स्क्रू काढून पाहा. टोकदार यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झाले, त्याआधीच्यांचं टोक बोथट असे. डोक्यावर अधिक चिन्हाची खाच असेल, तर तो स्क्रू 1930 च्या दशकानंतरचा. खिळ्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. खेड्यांतले लोहार चौकोनी खिळे घडवत राहिले, तारेचे गोल खिळे सर्रास मिळू लागल्यानंतरही. त्यामुळे मराठवाड्यातल्या वस्तूवर चौकोनी खिळा दिसला, एवढ्यावरून ती फार जुनी ठरत नाही. शेवटी झीज पाहा. माणसाचा हात-पाय जिथे लागतो तिथेच लाकूड झिजलेलं असायला हवं, म्हणजे हातांच्या टोकांवर आणि पुढच्या दांडीच्या वरच्या कडेवर. सगळीकडे सारखीच झीज आणि सारखाच काळेपणा दिसला, तर वस्तू मुद्दाम जुनी केलेली आहे. घरात गोल टेबल असेल तर त्याचा व्यास एकदा फळीच्या लांबीच्या दिशेनं आणि एकदा आडवा मोजा. लाकूड रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळपास नाहीच. जुन्या गोल टेबलाचा आडवा व्यास काही मिलिमीटरनं कमी भरतो. ही खूण बनवणाऱ्याला सहजासहजी नक्कल करता येत नाही.

प्रश्न : सागवानी कपाटाच्या दारांना उन्हाळ्यात चिरा पडतात, पावसाळ्यात दारं लागत नाहीत. पॉलिशवर पांढरट ढगही आले आहेत. सुतार चिरांत लांबी (पुट्टी) भरायला सांगतात. (परभणी)

लांबी भरू नका. आधी कपाट कुठे आहे ते पाहा. अशा तक्रारींत कपाट बहुतेक वेळा कूलरच्या झोतात असतं. बाहेर 42 अंश तापमान आणि कोरडी हवा, खोलीत दिवसभर ओला वारा, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा कोरडं. लाकडाला एका दिवसात दोन ऋतू सोसावे लागतात, आणि तेही एकाच बाजूनं. समोरची बाजू फुगते, भिंतीकडची कोरडी राहते, फळी वाकते. एक फूट रुंदीच्या सागवानी फळीत उन्हाळा ते पावसाळा दोन ते चार मिलिमीटर फरक पडू शकतो.

जुन्या सुतारांना हे माहीत होतं, म्हणून पॅनेल चौकटीच्या खोबणीत मोकळं सोडलेलं असे, फुगायला-आक्रसायला जागा ठेवून. नंतरच्या दुरुस्तीत कोणीतरी ते चुकांनी (बारीक खिळ्यांनी) ठोकलेलं असतं, फेव्हिकॉलनं चिकटवलेलं असतं, किंवा पॉलिशचे थर खोबणीत गोठलेले असतात. मग पॅनेलला सरकता येत नाही आणि ते मधूनच चिरतं. आतल्या बाजूनं खोबणीलगत बोटभर अंतरावर चुका दिसतात का पाहा. असतील तर काढा. खोबणीत साचलेलं पॉलिश पातळ पात्यानं मोकळं करा. बऱ्याचदा चीर पुढच्या पावसाळ्यात आपोआप मिटते.

उन्हाळ्यात उघडलेल्या चिरेत कडक लांबी भरली, तर ऑगस्टमध्ये फळी फुगताना तिला जागा मिळत नाही. ती लांबी बाहेर ढकलते किंवा शेजारी नवी चीर पाडते. म्हणून निर्णय ऑगस्टमध्ये घ्यायचा. तेव्हाही तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उरली, तर दिवाळीनंतरच्या थंड दिवसांत त्याच जातीच्या जुन्या लाकडाची पातळ पाचर बसवा आणि ती एकाच कडेला चिकटवा. दार घासत असेल तर पावसाळ्यात रंधा मारू नका, उन्हाळ्यात बोटभर फट दिसेल. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झालेत का बघा.

पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. हाताला खरखरीत लागणारा, ओल्या फडक्यानं निघणारा थर म्हणजे कूलरच्या जड पाण्यातले क्षार. व्हिनेगरचे चार थेंब टाकलेल्या पाण्यानं पुसा आणि लगेच कोरडं करा. हाताला न लागणारा ढग म्हणजे लाखेच्या पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा. दोन दिवस कोरड्या हवेत राहू द्या. गेला नाही, तर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर स्पिरिटचे दोन-तीन थेंब टाकून फडकं घट्ट पिळा, आधी आतल्या कोपऱ्यात करून बघा, आणि मग एकाच दिशेनं, न थांबता, हलक्या हातानं फिरवा. फडकं एका जागी अर्धा क्षण थांबलं तरी पॉलिश उचललं जातं. कूलरचा झोत कपाटावर येऊ देऊ नका आणि बाहेरच्या भिंतीपासून कपाट तीन-चार इंच पुढे ठेवा.

प्रश्न : आमच्या जुन्या पेढीत गोल बैठकीच्या, एकसंध कमानदार पाठीच्या सहा खुर्च्या आहेत. बैठकीखाली कागदी चिठ्ठीचे तुकडे आहेत. लाकूड कोणतं आणि खुर्च्या कुठल्या? (जालना)

त्या चिठ्ठीला पाणी, पॉलिश, काहीही लावू नका. तिचे फोटो काढून ठेवा. अशा खुर्च्या बहुधा बीच लाकडाच्या असतात. हे युरोपातलं फिकट लाकूड असून त्यावर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ते वाफवून लोखंडी साच्यात वाकवत. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांच्या कारखान्यानं 1859 साली 14 क्रमांकाची खुर्ची काढली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग बांधले की एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या मावत. जगभर जहाजानं पाठवायला यापेक्षा सोयीची खुर्ची नव्हती. 1869 मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर याकोब आणि योजेफ कोन यांच्यासह अनेकांनी तशाच खुर्च्या बनवल्या. म्हणून केवळ आकारावरून 'थोनेट' म्हणता येत नाही. चिठ्ठी, किंवा बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला दाबून उमटवलेलं नाव, हाच पुरावा. मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाल्यामुळे बंदरावर उतरलेला असा माल जालन्यापर्यंत येणं अवघड राहिलं नव्हतं.

खुर्ची हलत असेल तर खिळा ठोकू नका. वाकवलेल्या लाकडाचे तंतू लांबीत सलग असतात, खिळा त्यांना उभा चिरतो. पाठीचे नट पाव-पाव फेरा आवळा. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर त्यात लाकडाची निमुळती खुंटी सरसानं बसवा, वाळल्यावर बारीक भोक पाडून जुनाच स्क्रू परत लावा. बीचला कीड लवकर लागते, तेव्हा ओलसर फरशीवर या खुर्च्या ठेवू नयेत.

प्रश्न : चार भावांत वाटणी होऊन वाडा उतरवायचं ठरलं आहे. व्यापारी खांब, दरवाजा आणि ढेलजेचं कोरीवकाम 'घनफुटाच्या भावानं' मागतात. काय करावं? (औसा)

घनफुटाचा भाव हा जळाऊ आणि इमारती लाकडाचा भाव आहे. सुरूच्या आकाराचा खांब, त्यावरची केळफुलं, खालचा तळखडा आणि वरची तुळई हा एक संच असतो. त्यातला एकेक भाग वेगळा विकला की उरतं ते फक्त लाकूड.

सौद्याआधी कायदा समजून घ्या. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम 1972 चा असून तो 5 एप्रिल 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू त्याच्या कक्षेत येते. लाकडावरचं मूर्तिकाम आणि उठावाचं कोरीवकाम नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकारांत मोडतं. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. व्यापाऱ्याकडे परवाना मागा. नुसतं मागितलं तरी निम्मे सौदे तिथेच थांबतात. कोरीवकामात हस्तिदंत असेल तर विक्रीचा विचारच सोडा, त्याचा व्यापार वन्यजीव कायद्यानं बंद आहे.

वाडा उतरवायचाच असेल तर आधी आठ-दहा दिवस मोजणीला द्या. प्रत्येक खणाचा (चार खांबांमधल्या भागाचा) आराखडा, खांबाखांबातलं अंतर, तुळईची रुंदी-खोली, आणि प्रत्येक सांध्याचा फोटो. ओळींना अक्षरं, खांबांना आकडे : 'क-3' म्हणजे क ओळीतला तिसरा खांब. हा क्रमांक पत्र्याच्या लहान चकतीवर ठोकून कुसवावर (सांध्यात शिरणाऱ्या टोकावर) किंवा मागच्या न दिसणाऱ्या अंगाला लावा. दर्शनी भागावर रंगानं लिहिलेले आकडे लाकडात उतरतात आणि घासल्याशिवाय निघत नाहीत.

उतरवताना पहिलं काम माळवदाची, म्हणजे सपाट छतावरची, माती. एक फूट जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो. ती सगळ्या खणांतून सारख्या थरांनी काढायची. एका खणातली काढून शेजारच्या खणावर टाकली, की तुळई तिथेच मोडते आणि माणसं दगावतात. माती, मग किलचणं (मातीखालच्या बारीक फळ्या), मग वरच्या कड्या (आडवी लाकडं), मग तुळया, आणि खांब सगळ्यात शेवटी. खुंट्या निमुळत्या असतात, त्या बारीक टोकाकडून ठोकून बाहेर काढायच्या. उलट ठोकल्या की साल, म्हणजे कुसू बसतं ते भोक, फाटते.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण असल्यामुळे तुमच्या भागात जुन्या घराची भीती वाटणं साहजिक आहे. पण तेव्हा घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. काही घरांत भिंती ढासळूनही लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला होता. म्हणून भावांपैकी एकाला जरी नवं घर बांधायचं असेल, तरी एक पूर्ण खण, म्हणजे चार खांब आणि त्यांवरचं सगळं, नव्या ओसरीत हलक्या छपराखाली उभं करता येतं. अभियंत्याकडून भार तपासून घ्या. तोवर लाकूड जमिनीपासून फूटभर उंच रचा. दर दोन फुटांवर इंचभर जाडीच्या पट्ट्या ठेवा, त्या एकाखाली एक आल्या पाहिजेत. वर पत्रा, बाजू मोकळ्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लाकूड पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरतं.

प्रश्न : पलंगाच्या एका पायाखाली रोज पांढरी पिठी पडते. रॉकेल ओतलं, महिनाभर थांबली, पुन्हा सुरू झाली. (नांदेड)

किडीचा प्रकार आधी ओळखा. मऊ पिठी आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं असतील, तर तो भुंगा. खसखशीएवढे कोरडे दाणे पडत असतील, तर कोरड्या लाकडातली वाळवी. भिंतीवरून किंवा जमिनीतून मातीची नळी चढलेली असेल, तर जमिनीतली वाळवी. शेवटच्या प्रकारात पलंगावर उपचार करून भागत नाही, घराच्या पायाला आणि ओलीला हात घालावा लागतो.

तुमच्या वर्णनावरून भुंगा वाटतो. सागवानाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, सालीलगतच्या फिकट लाकडात पिष्ट असतं तिथे लागतो. पायाच्या कडेला फिकट पट्टा आहे का बघा, भोकं त्याच पट्ट्यात असतील. रॉकेलनं वाटेत सापडलेली कीड मरते, खोलवरच्या अळ्या राहतात. शिवाय पॉलिशवर डाग पडतात आणि पलंग पेट घेण्याचा धोका राहतो.

एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. पायाच्या तळाला आणि पॉलिश नसलेल्या सगळ्या बाजूंना ब्रशनं दोनदा लावा, मध्ये एक दिवस जाऊ द्या. पॉलिशवरून लावून उपयोग नाही, ते आत जिरत नाही. तिथे इंजेक्शनच्या सुईनं प्रत्येक भोकात थोडं-थोडं सोडा आणि वर आलेलं लगेच पुसा. सांध्यांपाशी जास्त पाणी गेलं तर जुना सरस सुटतो. हातमोजे घाला, द्रावण मुलांपासून दूर ठेवा. मग भोकं मेणानं बुजवा आणि खाली काळा कागद अंथरा. नवी पिठी पडली तर काळ्यावर लगेच दिसते. भुंगे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात बाहेर पडतात, त्यामुळे एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय कीड संपली असं धरू नका. पलंग कडक उन्हात टाकणं हा सगळ्यांत वाईट उपाय. कीड मरण्याइतकं लाकूड आतून तापण्याआधी सांधे उघडतात आणि लाख वितळते.

प्रश्न : खुर्चीची वेताची बैठक सैल पडली आहे. विणणारे मिळत नाहीत. घरी जमेल का? (बीड)

सैल पडली आहे, तुटलेली नाही, तर विणायची गरजच नाही. खुर्ची उलटी करून खालच्या, पॉलिश नसलेल्या बाजूला कोमट पाण्यानं भिजवलेलं फडकं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. रात्रभर सावलीत वाळू द्या, कोणी बसू नका. वेत वाळताना ताणला जातो. वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुरुवातीला हे केलं की कोरड्या महिन्यांत वेत तडकत नाही. प्लॅस्टिकच्या वेताला हा गुण नाही.

तुटली असेल तर विणकाम जमण्यासारखं आहे, पण दोन-तीन दिवस बसावं लागतं. भोकांतलं अंतर मोजा. ते बारा-तेरा मिलिमीटर असेल तर सव्वादोन ते अडीच मिलिमीटर रुंदीचा वेत घ्या. साध्या बैठकीला 75 ते 90 मीटर लागतो. विणायच्या आधी वीस मिनिटं पाण्यात ठेवा, जास्त नको, करडा पडतो. सहा फेऱ्या असतात. पहिली पुढून मागे. दुसरी डावीकडून उजवीकडे, पहिलीच्या वरून. तिसरी पुन्हा पुढून मागे, पहिल्याच भोकांतून, पण सगळ्यांच्या वर आणि किंचित उजवीकडे. चौथी आडवी, आणि खरी वीण इथे सुरू होते : तिसरीच्या वरून, पहिलीच्या खालून. पाचवी आणि सहावी तिरप्या. प्रत्येक भोकात तात्पुरती खुंटी ठोकत जा, नाहीतर ताण सुटतो. पहिल्या दोन फेऱ्या फार घट्ट घेतल्या तर तिरप्या फेऱ्यांना जागा उरत नाही आणि वेताच्या कडा कापल्या जातात. नवखे इथेच अडतात.

प्रश्न : हिशेबाच्या वह्या ठेवायचं आजोबांचं बैठं डेस्क कोपऱ्यांतून खिळखिळं झालं आहे. सुतार खिळे आणि फेव्हिकॉल म्हणतात. (धाराशिव)

जुन्या सांध्यात सरस असतो आणि तो गरम पाण्यानं सुटतो. म्हणजे शंभर वर्षांनंतरही कोणी ते डेस्क न फोडता उघडू शकतं. फेव्हिकॉल एकदा मुरला की पुढची दुरुस्ती लाकूड तोडूनच करावी लागते. शिवाय जुन्या सरसाच्या थरावर तो नीट धरतही नाही. सागवानात ठोकलेल्या लोखंडी खिळ्याभोवती काही वर्षांत काळा डाग पसरतो, तो वेगळाच.

सरसाचे दाणे त्यांच्या दुप्पट वजनाच्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी भांड्यात भांडं ठेवून 60 अंशांपर्यंत गरम करा. उकळला की त्याचा जोर जातो. डवटेलच्या (एकमेकांत अडकणाऱ्या दातांच्या) सांध्यावर कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर ब्रशनं सोडा, दहा-पंधरा मिनिटांनी कापड ठेवून लाकडी हातोडीनं हलके ठोका. सांधा उघडला की जुना सरस ओल्या फडक्यानं काढा. दातांवर पॉलिश पेपर फिरवू नका, सांधा आणखी सैल होतो. सैलच असेल तर सागवानाचा रंध्यानं काढलेला पातळ छिलका चिकटवा. आधी कोरडं जोडून बघा, मग सरस लावून झटपट जोडा, कारण तो मिनिटाभरात गोठू लागतो. शिकंजा नसेल तर डेस्कभोवती सुती दोरीचे दोन फेरे घाला, त्यांत काठी अडकवून पीळ द्या, कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा. दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे. पूर्ण दिवस हलवू नका.

प्रश्न : देवघराच्या दारावर ऑइलपेंटचे चार-पाच थर आहेत. कॉस्टिक सोड्यानं काढू का? (उदगीर)

नको. सोड्यानं सागवान काळं पडतं, सांध्यातला सरस विरघळतो आणि लाकडात राहिलेला क्षार नंतरचं पॉलिश सोलवून काढतो. कोरडं घासूही नका. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असणार असंच धरून चाला. ती धूळ लहान मुलांना सर्वांत घातक. रंग काढायची जेली लावा, पंधरा मिनिटांनी बोथट पात्यानं खरवडा, कोरीव भागात बांबूची काडी वापरा. कचरा ओला असतानाच पिशवीत बांधा. तळाचा थर जुन्या रंगकामाचा निघाला, म्हणजे हिरमुजी, हिरवा किंवा सोनेरी, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. जुन्या फर्निचरचा अभ्यास करायची इच्छा आहे. या माणसांचं काम रोजच्या रोज नेमकं काय असतं? पोट भरतं का? (छत्रपती संभाजीनगर)

बहुतेक वेळ गुडघ्यांवर, बॅटरी घेऊन, टेबलाखाली. वस्तू मोजायची, 1:10 प्रमाणात काढायची, सांधे आणि कडांच्या नक्षीचा छेद मात्र मूळ मापात. साधनं थोडी : पाच मीटरचा टेप, कॅलिपर, दहापट दाखवणारं भिंग, कॅमेरा, आणि नक्षीचा आकार उचलणारं कंगव्यासारखं गेज. लाकूड ओळखायला टोकाकडचा आडवा छेद धारदार ब्लेडनं साफ करून ओला करायचा आणि भिंगातून छिद्रांची मांडणी पाहायची. सागवानात मोठी छिद्रं कड्यांच्या ओळीत येतात, शिसवात विखुरलेली असतात. शंका राहिली तर नमुना डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेकडे पाठवता येतो. 1906 पासूनची ही संस्था असून तिच्याकडे लाकडांचा मोठा नमुनासंग्रह आहे.

दुसरा अर्धा भाग कागदांचा, आणि मराठवाड्यात तो फार मोलाचा आहे. घरोघरच्या दप्तरांत आंदणाच्या याद्या, वाटणीपत्रं, दुकानांच्या पावत्या पडून आहेत. 'एक पलंग नक्षीचा' अशी एक ओळ आणि तिच्यावरची तारीख दहा तर्कांपेक्षा भक्कम. हे कागद मोडी लिपीत असतात. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा सरकारी कारभार उर्दूत चाले. तेव्हा मोडी आणि उर्दू दोन्ही वाचता येणं ही या भागातल्या अभ्यासकाची खरी भांडवली गरज आहे. आज सुरुवात केली तर पदवी हातात येईपर्यंत दोन्ही लिप्या बऱ्यापैकी वाचता येतील. पाहण्यासाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग संग्रहालय. पहिल्यात घरगुती दारं, कुलुपं, पेट्या आणि दुसऱ्यात दरबारी थाटाचं सामान. दोन्ही पाहिल्यावर मधल्या मराठवाड्याच्या वाड्यांत कोणतं वळण कुठून आलं, याचा माग काढता येतो. हे काम फार थोड्यांनी केलं आहे आणि वाडे दरवर्षी उतरत आहेत, त्यामुळे आम्हाला याची घाई वाटते.

पैशाचं स्पष्ट सांगायचं तर केवळ फर्निचरच्या अभ्यासावर सुरुवातीची वर्षं निघत नाहीत. वास्तुविशारद म्हणून नोंदणी करा. जमल्यास दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमधून किंवा अहमदाबादच्या सेप्टमधून जतनशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्या. उत्पन्न येतं ते इमारतींच्या जतनकामातून, वस्तूंच्या स्थिती-अहवालांतून आणि दुरुस्तीच्या देखरेखीतून. व्यापाऱ्यासाठी वय 'वाढवून' देणारा दाखला एकदा लिहिला, की त्यानंतरचा एकही अहवाल कोणी मानत नाही. आणि एखाद्या जुन्या सुताराकडे सहा महिने पटाशीला धार लावायला शिका. ज्याला कुसू कापता येत नाही, त्याला कापलेल्या कुसवातून कारागिराचा हात वाचता येत नाही.

प्रश्न : लाकडाला करडईचं तेल चालतं का? (हिंगोली)

नको. करडईचं तेल फार सावकाश वाळतं, चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसून काळा थर होतो. उघड्या, पॉलिश नसलेल्या सागवानाला शिजवलेलं जवसाचं तेल लावा. अगदी पातळ हात द्या आणि अर्ध्या तासानं उरलेलं सगळं पुसून काढा. दुसरा हात दोन दिवसांनी. लाखेचं पॉलिश असेल तर तेल लावूच नका, वर्षातून एकदा मधमाश्यांच्या मेणाचा पातळ थर पुरतो. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्यांत उष्णता साठते आणि ती आपोआप पेटू शकतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.